नर्सरीतली लेंडी

...आन् वर ती बाई मलाच म्हणती, 'सर, आपण शांत व्हा!' कसा शांत होऊ? तुमाला सांगतो, बावीस वर्सं झाली, कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या लॅबमधी अटेंडंट हाय मी, यशपाल म्हटलं की प्राचार्यसुद्धा वळखत्यात. आन् मला ही फोनवर खत शिकवती! मला सांगा, नर्सरीत मेंढरं चरत्यात व्हय?

थांबा, उलटं सांगाय लागलो. दवबिंदू म्हायती हाय का? आमच्या वळसंगच्या माळावर, पाझराच्या कडंला, पावसाळ्यात उगवतंय. रुपयाएवढं झाड, लालचुटुक, केसाकेसावर चिकट थेंब... चिलट पाणी म्हणून बसलं की खल्लास! जमिनीत कस न्हाय, म्हणून बिचारं किडं खाऊन जगतंय. दरसाली पोरापोरींना दावायला नेतो मी. लांबनं बघायचं, हात लावला की माझ्याशी गाठ! एवढं जपलंय हो.

आन् गेल्या म्हयन्यात भाची दिपाली मोबाईल नाचवत आली, 'मामा, तुमचा दवबिंदू ऑनलाइन मिळतोय!' बघतो तर फोटोत जबडा वासलेलं कसलंतरी विलायती झाड, आन् खाली लिवलंय, 'दवबिंदू, डास खाणारे रोप, शंभर टक्के नर्सरीत वाढवलेले.' म्हटलं, मागवून तर बघू. डबा उघडला... तांबडा मुरूम, मान टाकलेला आमचा दवबिंदू, आन् शेजारी ऐटीत बसलेली लेंडी! मेंढीची! आता नर्सरीत मेंढरं चरत्यात व्हय?

तसाच गाडीला किक मारली. माळावर धुळा मेंढरं राखत हुता. म्हटलं, 'धुळा, हितं कोण आलतं?' 'आलती की दोगं, खुरपी घिऊन. म्या म्हनलं, दादाच्या कालेजातली असतील. जागा म्याच दावली की!' घ्या! जाऊन बघतो तर पाझराच्या कडंला नुसती भोकं. पण धुळाला काय बोलू? गेल्या साली हौसेनं दवबिंदूचा व्हिडिओ टाकला कुणी? मी! गावाच्या नावासकट कुणी टाकला? मीच की!

एका कार्यालयात गेलो अर्ज घेऊन. तिथलं साहेब म्हणतंय, 'झाड चोरीला गेलं? बुंधा केवढा?' म्हटलं, बुंधाच न्हाय, रुपयाएवढं हाय. 'मग ते गवतात धरतो आम्ही. गवताचा अर्ज वेगळा.'

मग लावला फोन त्या कंपनीला. बाईचा आवाज काय गोड! 'सर, ते सेंद्रिय खत आहे.' अवो बाई, खत घातलं तर हे झाड मरतंय! भुकेलं हाय म्हणून तर शिकार करतंय! 'आपली गैरसोय झाली, सर. आम्ही दोन रोपं बदलून पाठवतो.' अवो, पाठवू नका! तेच तर सांगतोय... 'आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे, धन्यवाद.' कट!

दोन आली. लेंड्या तीन! मी परत तक्रार केली, चांगली खरमरीत. चार आली! आन् धुळाचा फोन, 'दादा, आज बी यिऊन गेली बगा ती दोगं. लई घाईत हुती.'

तवा डोक्यात उजेड पडला. मी हितं वरडतोय, आन् तितं खुरपं चालतंय! राखायला निघालो, आन् माझ्याच पायी माळ मोकळा व्हायला लागला. त्याच दिवशी आलेली सातीच्या साती परत नेऊन लावली. तीन जगली.

काल परत मेसेज. 'सर, आपण अजून समाधानी दिसत नाही. आठ रोपं पाठवू का?' आठ! माळावर उरल्यात मोजून अकरा! आता तुमीच सांगा, काय करायचं माणसानं? भांडायचं तरी कुणासंगं?

डोळं मिटलं, पाचच्या पाच तारे ठोकले, आन् खाली लिवलं, 'उत्तम रोप. मी संपूर्ण समाधानी आहे. हात जोडतो, आता काही पाठवू नका.'