कोऱ्या कपाळाचा भाऊ

सरका, सरका जरा. म्हातारीलाही धग लागू द्या. दिवसभर तुमच्या भाकऱ्या थापून कंबर मोडली माझी. घरची चांगली गादी सोडून इथं तंबूत कुडकुडायला येता, आणि वर मलाच विचारता, "आजी, इथं भूत आहे का हो?" आहे की! आधी ते मोबाईल खाली ठेवा. उजेडात गोष्ट येत नाही मला. बाई, ती लेकरं जवळ घ्या, पांघरुणात. हां. ऐका आता.

आमच्या पांगारवाडीची सारिका. लग्न करून पिंपरीला दिलेली. नवरा प्रमोद, कारखान्यात कामाला. गरीब गाय माणूस. दोन लेकरं, थोरली ओवी सात वर्षांची, धाकटा मल्हार, बोबडं बोलणारा. आणि माहेरी एकुलता एक भाऊ, भानू. आईबाप लवकर गेले. तिनंच भानूला वाढवला हो! स्वतःची शाळा सोडली, त्याला शिकवला, त्याचं लग्न लावून दिलं. भाऊ म्हणजे तिचा जीव. कुणी भानूला वाकडा शब्द बोललं तर ही बया पदर खोचून भांडायला उभी.

त्या वर्षी प्रमोदनं तंबू घेतला. असाच, तुमच्यासारखा, काड्या जोडायचा. पोरं हरखून गेली. दिवाळीची सुट्टी, गाडी काढायची, भाऊबीज मामाकडे करायची आणि मग धरणाच्या काठी तंबू ठोकून राहायचं. वाटभर पोरांचा नुसता कालवा. पिशवीत काय काय भरलेलं! टिकल्या, फुलबाज्या, तंबूभोवती लावायला पणत्यासुद्धा.

दुपारी पोचली. सारिकानं भानूला पाटावर बसवला, टिळा लावला, अक्षता लावल्या, ओवाळलं. आणि भानूनं ताटात काय ठेवलं? एक टोपली. वर कोरं फडकं बांधलेलं.

"ताई, औंदा साडी न्हाई घेतली. तुमच्या रातच्या जेवणाची सोय केलीय. हीच ओवाळणी समज."

तिला तर भरून आलं. म्हणाली, "अरे, साडीपेक्षा मोठं आहे हे."

आता नीट कान द्या बरं का. भानूचा पोरगा सोन्या, पाच वर्षांचा, महिनाभर तापानं फणफणलेला. आतल्या खोलीत निजलेला. सारिका बघायला गेली तर वहिनी दारातच आडवी. "आत्ताच डोळा लागलाय वो त्याचा." आणि सांगते, सबंध दुपारभर वहिनीनं नणंदेच्या डोळ्याला डोळा दिला नाही. सारिकाला वाटलं, पोराच्या काळजीनं झुरलीय बिचारी.

बाहेर भानू प्रमोदला जागा सांगत होता. "दाजी, धरणाकाठी गर्दी असती. तुम्ही तिठ्याच्या माळावर जावा. लई झ्याक जागा. पर दिवेलागणीनंतर निघा, तवर बसा निवांत."

तिठा म्हणजे तीन वाटा मिळतात ती जागा. त्या टेकडीपलीकडं आहे. बघू नका तिकडं!

निघताना भानू गाडीच्या काचेशी आला. आवाज कापत होता त्याचा. म्हणाला, "टोपली तिथं पोचल्यावरच उघड. वाटंत थांबू नगंस. आन् ताई, मागं वळून बघू नगंस. तुला रडू येतं."

केवढी माया, नाही का? तिलाही तेच वाटलं. खेड्यात जन्मलेली बाई, हे तिन्ही बोल तिनं लहानपणी शंभरदा ऐकले असतील. पण भाऊ बोलला ना! भावाच्या बोलण्यात कोण खोट शोधतं?

अंधार पडला. बीजेची कोर ती, केव्हाच डोंगराआड गेली. गाडी निघाली. मागच्या सीटवर ओवी गप्प होती. का गप्प? टोपलीत हात घालून करंजी काढली होती कार्टीनं! तोंड पिठीसाखरेनं पांढरं.

"आई, एकच खाल्ली."

"खा गं, मामानंच दिलीय," सारिका म्हणाली.

म्हणाली आणि तिठा आला. शेंदूर लावलेला धोंडा, शेजारी वठलेला पांगारा. प्रमोदनं गाडी डावीकडे घातली, माळाच्या वाटेला. चालतेय, चालतेय गाडी. पुन्हा शेंदराचा धोंडा. "अरेच्चा! चुकलो वाटतं." पुन्हा डावीकडे. पुन्हा धोंडा! मल्हार टाळ्या वाजवायला लागला, "बाबा, गोल गोल!" तिसऱ्यांदा धोंड्यासमोर आली आणि गाडी बंद पडली. दिवे गेले. सगळं चिडीचूप.

चकवा म्हणतात याला. शहाणा असता तर गाडीतच बसून राहिला असता. पण प्रमोद म्हणाला, "माळ हाच दिसतोय. लावू इथंच तंबू, सकाळी बघू गाडीचं." लावला बापडा. ओवीनं पणत्या मांडल्या, लावल्या. पोरांना काय, गंमतच! सारिका जेवायला वाढायचं म्हणून टोपली घेऊन बसली. फडकं सोडलं.

वर करंज्या, चकल्या. त्याखाली आणखी एक फडकं. ते उचललं.

आणि टोपली पणतीजवळ ओढली तिनं.

खाली दहीभात. त्यावर गुलाल. टाचण्या टोचलेलं लिंबू, उकडलेलं अंडं, काळी बाहुली. आणि त्या सगळ्याच्या बुडाशी एक लहानसा पिवळा सदरा. सोन्याचा सदरा! त्याच्या बारशाला हिनंच घेतलेला, हिनंच काजं शिवलेला.

तुम्ही शहरातली माणसं, तुम्हाला सांगते. हा उतारा. आजारी माणसावरून अन्न ओवाळायचं आणि तिन्हीसांजेनंतर तिठ्यावर नेऊन ठेवायचं. जे काय त्याला धरून बसलंय ते अन्नामागं निघून जातं. नेणाऱ्यानं वाटेत थांबायचं नाही, मागं बघायचं नाही. आणि चुकून कुणी त्यातलं खाल्लं, की ते त्याच्या मानगुटीवर.

भानूनं उतारा ठेवला नव्हता हो. बहिणीच्या लेकरांना खायला धाडला होता. आणि कसा धाडला? ओवाळणीच्या ताटातून!

सारिकानं त्या काजांवरून बोट फिरवलं. भीती नंतर आली, आधी छातीत काहीतरी तुटलं. तिला आठवलं, भानू लहानपणी तापला की ती रात्ररात्र त्याला मांडीवर घेऊन बसायची. त्याच भानूनं हे केलं? तिला राहून राहून वाटत होतं, नाही, वहिनीनं केलं असेल, त्याला ठाऊकच नसेल. पण मग "मागं वळून बघू नगंस" कोण म्हणालं होतं?

"अहो, गाडी चालू करा. आत्ताच्या आत्ता!"

प्रमोदनं तिचं तोंड बघितलं आणि काही न विचारता पळाला गाडीकडं. गाडी समोरच, हाकेवर. पण गेला तो गेला. थोड्या वेळानं त्याचा आवाज आला, "सारिकाऽऽ, कुठं आहेस गं?" आणि आला कुठून? धरणाकडून! लांबून, पाण्यापलीकडून. ती हाक मारणार तेवढ्यात तिच्या मागं, तंबूत, मल्हार खुदकन हसला.

"आई, दादा गुदगुल्या करतोय."

दादा? कुठला दादा? तिनं तंबूचा पडदा वर केला. गोधडीतून डोकी बाहेर आलेली. एक ओवीचं. एक मल्हारचं. आणि मधे तिसरं! अंगात पिवळा सदरा. तोंड भिंतीकडं... तंबूला कसली भिंत, तंबूच्या कापडाकडं म्हणा. ए, रडू नकोस रे बाळा, तुझ्या तंबूत कुणी नाही. मी बघून आलेय.

सारिकानं दोन्ही पोरांना बखोटीला धरून बाहेर ओढलं. मागं वळून बघते तर टोपलीतला सदरा गायब. पणत्या एकेक विझायला लागल्या. फुंकर मारावी तशी, एक, मग शेजारची, मग तिच्या शेजारची. एकच उरली. ओवीचं अंग बघता बघता तापलं. तव्यासारखं! डोळे मिटायला लागले पोरीचे.

आणि अशा वेळी हाक आली. "ताई!"

भानू! तिठ्याकडून पळत आला, धापा टाकत. "ताई, चुकलं गं माझं! मला ऱ्हावलं न्हाई, मी मागं आलो. आण, ओवीला माझ्याकडं दे. मी उचलतो, तू मल्हारला घे. चल बिगीबिगी!"

अगं बाई! त्या एका हाकेनं सगळा राग विरघळला तिचा. आला, माझा भाऊ आला! मला वाटलंच होतं, तो असा नाही. रडू फुटलं तिला. आणि तिनं, आपल्या हातानं, ओवीला त्याच्या कडेवर दिली.

दिली, आणि पणतीच्या उजेडात तिला त्याचं कपाळ दिसलं.

कोरं. टिळा नाही, अक्षतेचा दाणा नाही. दुपारी तिनंच लावलेला, ओला गच्च टिळा. तो कुठं गेला?

ते हसलं. भानूच्याच तोंडानं हसलं. "तू घेतलंस ताई. ताटात घेतलंस. आता ही माझी." आणि पाठ फिरवून ओवीला घेऊन चालायला लागलं.

तुम्ही काय केलं असतं? किंचाळला असता. मीही किंचाळले असते. पण सारिकाच्या जिवाची आग झाली होती. एक भाऊ दुपारी फसवून गेला, दुसरा आत्ता फसवून चालला होता. संतापानं भीतीच जळून गेली तिची. ती कडाडली, "थांब! ताई म्हणालास ना मला? आज भाऊबीज आहे. बहिणीच्या दारी आलास आणि कोऱ्या कपाळानं जातोस? बस इथं!"

ते थांबलं. कुणी बस म्हणालं नसेल हो त्याला कधी. माणसं बघून पळतात, थुंकतात, शिव्या देतात. बस कोण म्हणतं?

वळलं. आलं. बसलं! ओवी मांडीवर, मान टाकलेली.

सारिकानं डब्याचं झाकण घेतलं. उरलेली पणती त्यात ठेवली. उताऱ्यावरचाच गुलाल बोटावर घेतला, दहीभातातली शितं घेतली. तिनं टिळा लावला. गार होतं म्हणे कपाळ, विहिरीतल्या दगडासारखं. शितं लावली. ओवाळलं. एकदा, दोनदा, तीनदा. डोळ्यातनं पाण्याच्या धारा. आणि झाकण पुढं केलं.

"टाक ओवाळणी."

"काय टाकू?" आवाज आता भानूचा नव्हता. कुणाचाच नव्हता.

"माझी लेकरं. आणि घरची वाट."

बसून राहिलं ते. पणतीतलं तेल संपत आलं, वात तडतडायला लागली. विझली असती तर सगळं संपलं असतं बघा! आणि मग त्यानं ओवीला उचललं आणि सारिकाच्या ओटीत ठेवलं. हलकेच. पोर घामानं डबडबलेली, पण ताप? ताप नाही!

समोर गाडीचे दिवे लागले. गाडी दहा पावलांवर, प्रमोद आत बसलेला, चावी फिरवत. "अगं, लागली एकदाची!" म्हणतो. त्याला वाटतंय तो आत्ताच तंबूतून उठून आला. तंबू तिथंच टाकला, पोरं कोंबली, गाडी सोडली. तिठा एकदाच लागला. आणि मागून हाक आली, अगदी मायेनं, "ताई, पुढच्या वर्षी ये गं. वाट बघतो."

सारिकानं मागं बघितलं नाही.

पहाटे माझ्या दारात उभी. गावातलं पहिलं घर माझं ना. पाणी प्यायली, पोरांना माझ्याजवळ ठेवलं आणि गेली भानूकडं. मी गेले मागोमाग, एकटी कशी सोडायची?

भानू ओट्यावर दात घासत होता. तिला बघितलं आणि राखुंडी हातातून सांडली. तो तिच्याकडं बघेना. तिच्या मागं बघत होता, पोरं आहेत का म्हणून.

ती म्हणाली, "मला सांगितलं असतंस भानू, तर मी स्वतः खाल्ला असता तो उतारा. सोन्या माझा नाही का?"

आणि भानू काय बोलला, ऐका. अजून माझ्या कानात सलतंय. म्हणाला, "ताई, देवरशी म्हनला, घरचं मानूस चालत न्हाई. रगत घरचं पायजे, पर मानूस परघरचं. तू दिल्या घरची. मी तरी काय करणार?"

ज्या बाईनं त्याला न्हाऊ-माखू घातलं, ती परघरची! सारिकानं उंबऱ्याबाहेरूनच सोन्याला एकदा बघितलं आणि परत फिरली.

सोन्या? बरा झाला की. तालुक्याच्या डॉक्टरनं रक्त तपासलं, आठ दिवस सलाईन, गोळ्या. टायफॉईड होता साधा. पण भानूला विचारा, आजही म्हणतो, उताऱ्यानं बरा झाला. असल्या माणसाला काय म्हणावं! शिवी येते तोंडात, पण लेकरं आहेत समोर.

तर सांगायचं काय, उद्या फिरायला जाल तर खुशाल जा, पण त्या टेकडीपलीकडं तिठ्याच्या वाटेला पाऊल टाकू नका. दिवसाही नको. आणि भाऊबीजेच्या रात्री तिकडून कुणी "ताई" म्हणून साद घातली, तर बायांनो, ओ देऊ नका. टिळा लागलाय त्याला. चटक लागलीय.

सारिका? ती दर दिवाळीला माझ्याकडं फराळ धाडते. गावात मात्र आली नाही पुन्हा. एकदा मीच गेले होते पिंपरीला, भाऊबीजेलाच. संध्याकाळी ताट घेऊन गच्चीवर गेली. ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते, ठाऊक आहे ना? बीजेची ती एवढीशी कोर. तिनं ओवाळलं. ओवी शेजारी उभी, मोठी झालीय आता. तिनं विचारलं, "आई, मामा आहे ना आपल्याला?"

सारिका म्हणाली, "एक वाट बघतो बाळा, आणि एकानं वाटेला लावलं. दोघांकडंही जायचं नाही आपल्याला."

चला, विझवा ती शेकोटी. पाणी टाका नीट. आणि झोपायच्या आधी आपापली पोरं मोजून घ्या.