टायरात पेंढा

तुम्ही हसाल, पण आमची गाडी एकदा भाताच्या पेंढ्यावर चाललीय.

ऐन थंडीत आम्ही तिघं मित्र दोन मोटारसायकलींवर पाथर्डीहून भंडारदऱ्याला निघालो. वडील म्हणाले, "जाताय खरं, पन गाड्या टेम्पोत घालूनच आनाल!"

राजूर आठ किलोमीटरवर राहिलं आणि माझं मागचं चाक बसलं. ट्यूब व्हॉल्व्हपाशीच फाटलेली. गारठ्यानं बोटं वळत नव्हती. गणेश म्हणाला, "टेम्पो बघू."

मी म्हणालो, "ढकलत नेईन, पन टेम्पोत घालनार न्हाई!"

नामदेवनं ऊसतोडीचे सहा हंगाम केलेले. तो शेजारच्या खळ्यावर गेला, तिथल्या आजींना विचारून पेंढा घेऊन आला. उसाची मोळी बांधायला वाढ्याला, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्याला, पीळ देतात, तसा पेंढ्याला पीळ दिला आणि ट्यूब काढून तो टायरात गच्च ठासला. आजी म्हणाल्या, "आता गाडीबी चारा खाती व्हय?"

हळूहळू का होईना, राजूर गाठलं. पंक्चरवाल्यानं टायर उघडला आणि कपाळाला हात लावला, "टायरात वैरण? जन्मात पहिल्यांदा बघतोय!"

नवी ट्यूब टाकून धरणावर पोचलो आणि पहिला फोन वडिलांना. सगळं ऐकून ते म्हणाले, "पेंढ्यावर? आन् चाललं?"

नामदेवनं माझ्या हातातून फोन घेतला. "न चालाया काय झालं, काका? पाथर्डीचं टायर हाय. दुष्काळात वाढलंय, पुढ्यात येईल त्ये खाऊन पळतंय!"