बिडी, बिडी!

जांबोटीच्या दवाखान्यात मी तापलेलं लेकरू मांडीवर घेऊन बसले होते. शेजारी हात झोळीत बांधलेली म्हातारी आणि तिला घेऊन आलेला हेल्मेटवाला सायकलस्वार.

“आज्जी, मी मागून ‘बिडी, बिडी’ म्हणून ओरडलो की!”

“म्हणून तर थांबले. माझ्याकडं कुठली बिडी रं?”

“कन्नडात म्हटलं, वाट सोडा म्हणून.”

“गाव कुठलं तुझं?”

“निपाणी.”

“तंबाखूच्या गावचा, अन् बिडी मला मागतोस!”

“चुकलं, आज्जी. उतारावर मीच हळू यायला पाहिजे होतं.”

“आता म्हस कोण पिळणार? उद्या परत त्याच वाटेनं जायचंय मला. सायकलीला घंटी न्हाय व्हय?”

“डोंगरातल्या सायकलीला नसते.”

“डोंगरातल्या म्हशीला असती की रं.”