उनाइसीची रिकामी चौकट

सहा महिने! सहा महिने मला चिखलाच्या काठावर बसवून ठेवलं हो, दोन्ही हात छत्रीच्या दांड्यावर. 'दिसतील असे ठेवा हं आंटी' म्हणे… दिसतील असे! म्हणजे मी काय पाकीटमार आहे? आमच्या बेटावरच्या नउसोरीच्या बाजारात अठ्ठावीस वर्षं वांगी-भेंडी विकली मी, कुणाची मिरची इकडची तिकडे केली नाही, आणि माझ्या डोळ्यांदेखत रांगत मोठी झालेली पोर मला सांगते, हात दाखवा! बरं, मला काय करायचंय म्हणा, मी आपली शेजारीण.

पण तुम्हाला सांगते, मुळापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल धनमतीने काहीतरी केलंच असणार. आता केलं होतं, ते वेगळं… पण का केलं ते ऐका ना!

उनाइसी म्हणजे आमच्या कुंपणापलीकडच्या लोसेनाची थोरली. हुशार. बीएस्सी झाली तेव्हा मी म्हटलं, झालं एकदाचं, आता नोकरी, मग नवरा, मग पाळणा. तर ही कुंपणावरून मला म्हणते, "आंटी, मी मास्टर्स करणार. संशोधनाचं." म्हटलं, म्हणजे परत वर्गात बसायचं? "वर्ग नसतात." बरं, परीक्षा? "नसते." मग पुस्तकं? "पुस्तक मीच लिहायचं." अगं मग शिकवणार कोण तुला? "कोणी नाही आंटी, मलाच शोधून काढायचं." घ्या! वर्ग नाही, परीक्षा नाही, सर महिन्यातून एकदा भेटणार आणि विचारणार, 'काय शोधलंस?' याला शिक्षण म्हणायचं की लपंडाव?

आणि शोधायचं काय? काही औषध? एखादा तारा? नाही! काइकोसो! अहो, त्या चिखलातल्या शिंपल्या, ज्या बाजारात माझ्या शेजारच्या बाकावर ढिगाने विकतात, ज्या आपण नारळाच्या दुधात शिजवतो आणि बोटं चाटतो, त्या हिने मोजायच्या. बारा महिने. किती आहेत, केवढ्या आहेत, गावातल्या बायका त्या वाढायच्या आधीच तर उपसत नाहीत ना, हे बघायचं. मी म्हटलं, अगं मला विचार, मी आत्ता सांगते, पूर्वी एका ढिगात दहा मिळायच्या, आता सात मिळतात, झालं तुझं मास्टर्स! तर हसते. "आंटी, तसं नाही चालत, पुरावा लागतो." पुरावा! अठ्ठावीस वर्षं बाजारात बसले ते काय तुळशीला पाणी घालत होते मी?

पण मला काय करायचंय, मी आपली शेजारीण. मी कशाला जाणार होते तिच्याबरोबर? पण लोसेनाला इस्पितळाच्या धुलाईघरातून सुट्टी नाही, आणि ती म्हणाली, "धनो, पोरगी एकटी त्या खाडीवर जाणार गं…" आता असं म्हटल्यावर? शिवाय मला बघायचंही होतं, की वर्ग नाही परीक्षा नाही तर ही पोर करते तरी काय. खोटं कशाला बोलू.

तर दर महिन्याच्या मोठ्या ओहोटीला आमची वरात. आधी बस, मग होडी, मग वाइदोंगो गाव. पहिल्या वेळी रीतीप्रमाणे यांगोनाची मुळी, पाहुणचाराचं पेय घोटतात ती, घेऊन गेलो, गावच्या मुख्याच्या पुढ्यात ठेवली, परवानगी मागितली, टाळ्या वाजवल्या, वाडगा फिरला, माझी जीभ पार बधिर, आणि मग गावातल्या बायकांनी उनाइसीला जी मांडीवर घेतली म्हणता! त्यांच्यातली म्होरकी सुलुएती बुबू, आजीच ती सगळ्यांची, सत्तरीची, पण चिखलात अशी चालते जशी मी स्वयंपाकघरात. म्हणाली, "ही आता आमची पोर. हिला जे पाहिजे ते मिळेल."

इथेच सगळं बिनसलं बघा. 'जे पाहिजे ते मिळेल!'

आता शास्त्र कसं करतात ते ऐका. पोरीकडे पाच लोखंडी चौकटी. ती काय करते, डोळे मिटते आणि चौकट पाठीमागे भिरकावते! म्हटलं, अगं, डोळे उघडून टाक, चांगल्या जागी पडेल! तर म्हणे, "तसंच नाही चालत ना आंटी, कुठे पडावी हे मी ठरवायचं नाही." एवढं शिकून शेवटी आंधळी कोशिंबीर! पाचही टाकून झाल्या की पहिली जिथे पडली असेल तिथे गुडघाभर चिखलात बसायचं, चौकटीत हात घालून चाचपायचं, मिळतील त्या शिंपल्या मोजायच्या, एकेक मापायची, वहीत लिहायची, परत पुरायची. परत पुरायची! हातात आलेलं जेवण! मग दुसरी चौकट. पाच झाल्या की ओहोळापलीकडच्या खोल चिखलात आणखी पाच. तिथे आम्ही कुणी जात नव्हतो, कंबरेपर्यंत रुततं हो.

पहिल्या महिन्यात काय मिळालं? पहिल्या चौकटीत दोन. दुसरीत शून्य. तिसरीत एक. चौथीत शून्य. पोरीचं तोंड बघवेना. तिने वहीत नीट गोल शून्य काढलं, पण मी बाई आहे, मला कळतं. आणि सुलुएती बुबूचं तोंड तर त्याहून वाईट. गावात पाहुणी आली, आपली पोर म्हणून मांडीवर घेतली, आणि तिच्या पुढ्यात रिकामं ताट? शून्य? बुबूने माझ्याकडे बघितलं. मी बुबूकडे बघितलं. बास, एवढंच. शपथ घेऊन सांगते, एक शब्द बोललो नाही.

दुसऱ्या महिन्यात उनाइसी पहिल्या चौकटीत मान खाली घालून मोजत होती, आणि पलीकडे बायकांच्या टोपल्या चिखलावरून अशा सरकल्या… हळूच. बुबूने दोन्ही मुठी चौथ्या चौकटीत रिकाम्या केल्या. मग मी म्हटलं, पाचवीने काय पाप केलंय? आणि माझा हात, तुम्हाला सांगते, हा हात अठ्ठावीस वर्षं ढीग लावतोय, तो थांबतो का? टोपलीतून उचलून एक ढीग टाकला, जुन्या हिशोबाचा, दहाचा. अंगठ्याने दाबल्या चिखलात. कुणाला कळणार आहे?

आणि पोरीचा चेहरा! "आंटी! दहा! आंटी, दहा आहेत!" अशी ओरडली की बगळे उडाले. अहो, त्या आनंदापुढे… तुम्ही असता तर तुम्हीही टाकल्या असत्या. मोठ्या-मोठ्या निवडून टाकल्या असत्या, आम्हीही तशाच टाकल्या. पाहुणीला कोण बारक्या देतं?

असे दहा महिने गेले. दहा! शेवटी तर बायका घरून निघतानाच 'उनाइसीच्या' म्हणून वेगळ्या काढून आणायच्या.

मग आलं ते विद्यापीठातलं भाषण. संशोधन संपत आलं की सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं असतं. लोसेना, मी, आमचे हे, सगळे नवे कपडे घालून पहिल्या रांगेत. तिचे सर, मोआला सर, टोंगा बेटाचे, दारात मावणार नाहीत एवढे आडवे आणि आवाज मात्र मांजरीच्या पिल्लासारखा. उनाइसीने भिंतीवर फोटो दाखवले, रेघा दाखवल्या, आणि म्हणाली, "ओहोळाच्या या बाजूला शिंपल्या भरपूर आहेत आणि वाढताहेत. गावाने आणखी काढल्या तरी चालतील." टाळ्या! मीही वाजवल्या. आणि सर उठले.

"उनाइसी, फार सुंदर. फक्त एक विचारतो हं… या फोटोतल्या शिंपल्या सगळ्या आडव्या का पडल्यात? काइकोसो उभी असते ना चिखलात? आणि पाचव्या चौकटीत दर महिन्याला बरोबर दहा? निसर्गात इतकं नेमकं काही नसतं गं. हा प्राणी काही नवीनच वागायला लागलाय का?"

आणि मागच्या रांगेतले चार विद्वान ते लिहून घ्यायला लागले! नवीन वागणूक! प्राण्याची! आणि तो प्राणी पहिल्या रांगेत बसून पदराने घाम पुसतोय!

आमचे हे कानात म्हणतात, "काय गं, बरं नाही का?" मी म्हटलं, गप्प बसा.

तीन दिवस मी कुंपणाकडे फिरकलेच नाही. मनाला म्हटलं, धनमती, मला काय करायचंय, मी आपली शेजारीण, पोरीचं पुस्तक होऊन जाऊ दे, कुणाला कळतंय. पण तुम्हाला सांगते, ते 'गावाने आणखी काढल्या तरी चालतील' कानातून जाईना. तिथे काय आहे ते मला माहीत होतं ना! शून्य होतं! चौथ्या दिवशी कुंपणापाशी गेले आणि सगळं ओकले.

ओरडेल वाटलं, रडेल वाटलं. काही नाही. हातातला ओला कपडा दोरीवर टाकला. मग आत गेली. मी म्हटलं, गेली, आता ही जन्मात बोलत नाही माझ्याशी. तर वही-पेन घेऊन बाहेर आली! "आंटी, किती टाकायचात? आठवून सांगा." दहा. "दर वेळी?" दर वेळी, हात बसलाय. "कुठल्या चौकटीत?" पाचवी माझी, चौथी बुबूची, दुसरी-तिसरी बाकीच्यांची. "आणि पहिली?" पहिलीत तू स्वतः असायचीस गं बाई! "मोठ्या बघून?" आता बारक्या कशा टाकणार! सगळं लिहून घेतलं. पोलीस बरे.

मी म्हटलं, "उनाइसी, असू दे की तसंच. सर कुठे बघायला आले होते? पदवी मिळू दे." तर माझ्याकडे असं बघितलं… "आंटी, माझ्या वहीवर भरवसा ठेवून गाव शिंपल्या काढेल. पुढच्या वर्षी बुबूच्या टोपलीत काय येईल?"

गेली सरांकडे, स्वतःच्या तोंडाने सांगितलं. सर म्हणे आधी खुर्चीत बसले, मग इतके हसले की खुर्ची मोडली. मग डोळे पुसून म्हणाले, "ओहोळापलीकडचे आकडे खरे, तिथे कुणाची माया पोचली नाही. पण अलीकडचं सगळं बाद. सहा महिने परत मोजायचं, आणि तेही जमलं नाही तर पदवी विसर."

हे वाइदोंगोला कळलं आणि आठ दिवसांत सुलुएती बुबू, पाच बायका आणि बोलायला एक पुरुष, अशी मंडळी लोसेनाच्या दारात. पुढ्यात यांगोनाची मुळी, मोठी चटई, माना खाली. रीतसर माफी! लोसेना रडते, उनाइसी रडते, मी कुंपणाच्या इकडे रडते, कारण मला कुणी बोलावलंच नव्हतं, आणि खरं तर मी त्या बायकांच्या शेजारी मान खाली घालून बसायला हवं होतं. शेवटी बुबूनेच हाक मारली, "ए दहावाली, ये इकडे, तुझीही मान खाली घाल." गेले. घातली.

बुबू म्हणाली, "पोरी, तुला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं होतं आम्ही?" आणि उनाइसी तिचे हात धरून म्हणाली, "बुबू, रिकामं असेल तर रिकामंच द्या मला. तेच न्यायला आलेय मी." ओइलेई! असं बोलली हो पोर!

मग ते सहा महिने. गावाने आपणहून काठीला पाला बांधून चिखलात रोवला, त्याच्या पलीकडे कुणी पाऊल टाकायचं नाही. आणि मी काठावर, छत्रीसकट. बघवत नव्हतं हो! एक… शून्य… दोन… शून्य… पण एक सांगते, पहिल्याच महिन्यात बुबू काठीशी उभी राहून सगळं ऐकत होती. पाचव्या चौकटीला उनाइसी म्हणाली, "शून्य." बुबू बायकांकडे वळून म्हणाली, "ऐकलंत ना? आता इकडचा चिखल दोन वर्षं झोपू दे." आणि गावाने अर्धा किनारा बंद केला. मोआला सर म्हणाले, असं त्यांचे मोठे-मोठे अहवाल वीस वर्षांत करू शकले नव्हते.

पदवी मिळाली. परवा झाला समारंभ. पोर काळ्या झग्यात, गळ्यात फुलांचे इतके हार की नाक तेवढं दिसत होतं. बुबू होडीने आली, टोपली घेऊन, आणि टोपलीत फक्त कसाव्याचे कंद! म्हणाली, "शिंपल्या झोपल्यात."

आणि ते पुस्तक, निळ्या पुठ्ठ्याचं, विद्यापीठाच्या ग्रंथालयात कायमचं ठेवलंय. मी ह्यांना घेऊन गेले, म्हटलं वाचा, माझे आभार कुठे मानलेत ते बघा. सुरुवातीच्या पानावर देवाचे मानलेत, आईचे मानलेत, सरांचे, वाइदोंगोच्या बायकांचे. मी नाही! अहो, अठरा महिने बस, होडी, ऊन, सोबत रोटी आणि डबाबंद माशाची भाजी, आणि मी नाही! मला काय करायचंय म्हणा, मी आपली शेजारीण… पण लागतं की नाही माणसाला? ह्यांनी पानं उलटली, उलटली, आणि पान एक्क्याऐंशीवर थांबले. 'मोजणीतील चुका' असं प्रकरण. त्यात तक्ता. त्यात पहिल्या ओळीत: 'श्रीमती धनमती, नउसोरी. पाचव्या चौकटीत दर महिन्याला दहा शिंपल्या. हेतू: माया.' आणि खाली बारीक अक्षरात सरांनी म्हणे घालायला लावलंय, की 'हेतूचं मोजमाप उपलब्ध नाही.'

हे म्हणाले, "बघ, तुझ्या नावावर अख्खा तक्ता आहे." मी चष्मा लावून तीनदा वाचलं. आता काय करता, लोक पुस्तकात नाव यावं म्हणून जन्म घालवतात, माझं आलं ते चुकांच्या यादीत… पण छापलंय मात्र बिनचूक.