कस्तुरीचा सिटी हॉल

नाही हो, गाईड-बिईड नाही मी — कनाटाला राहतो, रिटायर्ड माणूस, दर शनिवारी दोन तास ड्राइव्ह करून इथं किंग्स्टनला येतो आणि या बाकावर बसतो. तुम्ही फोनवर मराठी बोलत होतात म्हणून हाक मारली. बसा ना. हा समोरचा सिटी हॉल — एवढ्याशा गावाला जरा जास्तच मोठा वाटतो, नाही? वाटणारच. राणी व्हिक्टोरिया गादीवर येऊन पाचेक वर्षं झालेली, किंग्स्टन तेव्हा या देशाची राजधानी होतं. राजधानीला शोभेलसा हॉल हवा म्हणून यांनी स्पर्धा लावली, ती जॉर्ज ब्राउन नावाच्या आर्किटेक्टनं जिंकली — आयर्लंडहून आलेला, जेमतेम तिशीचा — आणि त्यानं हे खांब, हा घुमट, सगळं इथल्याच चुनखडीच्या दगडात उभं केलं. आणि काम पुरं होतंय तोवर, अठराशे चव्वेचाळीस साली, राजधानी गेली उठून मॉन्ट्रियलला! राहिला हा हॉल एकटा, तळ्याकडे तोंड करून.

मला कसं ठाऊक? मुलीमुळे. कस्तुरी. म्हणजे मला नाही सांगितलं तिनं — तिच्या आईला सांगायची फोनवर. मृणालिनी बेसमेंटमध्ये जाऊन हळू बोलायची आणि मी वर जिन्याशी उभा राहून ऐकायचो. कारण आमचं बोलणं बंद. सहा वर्षं. का म्हणजे — तिसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग सोडून ती आर्किटेक्चरला गेली, त्यातही जुन्या इमारतींची डागडुजी. जेवताना मी म्हणालो, "पडक्या भिंती लिंपायला नाही शिकवलं तुला." एवढंच म्हणालो. ती ताटावरून उठली ती गेलीच.

मग दोन हजार तेरा साली तिला इथलं काम मिळालं. दगडांमधल्या सांध्यांत चुना भरायचा. सिमेंट नाही हं — सिमेंट कडक, आतलं पाणी बाहेर पडू देत नाही, मग थंडीत ते गोठतं आणि दगडच फुटतो. चुना मऊ, तो स्वतः झिजतो, दगड राखतो. हेही जिन्यावरच ऐकलेलं. एक दिवस मला ईमेल — रोमन लिपीत मराठी, तोडकंमोडकं — बाबा, एकदा या, घुमटाच्या आत नेते, हेल्मेट ठेवलंय तुमच्यासाठी.

उत्तर नाही दिलं. पण — हे मृणालिनीलाही माहीत नाही हो — आलो होतो मी. ऑक्टोबरात. घरी सांगितलं, विंटर टायर्स लावून येतो. तो मागचा बाजारचौक आहे ना, तिथं गाडी लावली. ती परांचीखाली बसून सँडविच खात होती, कामाच्या माणसांशी हसत होती, हात कोपरापर्यंत चुन्यानं पांढरे. पाऊण तास बसलो असेन. गाडीच्या दारावर हात होता माझा. काय बोलणार होतो? सॉरी म्हणायचं तर आधी कुणी बोलायचं, कसं — हेच चाललं डोक्यात. गाडी वळवली आणि घरी गेलो.

जानेवारीत ती गेली. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली, सकाळी कामावर निघताना. अठ्ठावीस वर्षांची. साडेतीन वर्षं झाली आता.

फ्युनरलला तिच्याबरोबर काम करणारी एक बाई आली, गवंडीकाम करणारी. माझा हात धरून म्हणाली, त्या दिवशी तुमची गाडी ओळखली होती तिनं. लगेच. आम्ही म्हणालो, जा, बोलाव आत. तर ती म्हणाली, "नको. आज इथवर आलेत. पुढच्या वेळी उतरतील."

...

नको, पाणी नको. ठीक आहे मी. तुम्हाला हे कशाला सांगत बसलो कोण जाणे. चारपर्यंत उघडा असतो हॉल, जा, आत जाऊन बघून या, वर छान रंगीत काचा आहेत म्हणतात. नाही — मी नाही येत. मी आत कधी गेलो नाही. जा तुम्ही.