ज्याची कमाई जास्त, त्याचं फावडं मोठं

...नाही, दार मी उघडणार नाही! वाजवू दे बेल! तुम्हाला सांगतो, हे सगळं त्या मेल्या बर्फापायी! आमच्या इथे ट्रॉन्डहाइमला इमारतीच्या अंगणातला बर्फ सगळ्या बिऱ्हाडांनी सारखा उपसायचा. म्हणजे म्हातारी रॅग्नहिल्डबाईपण तेवढाच आणि वरचा दातांचा डॉक्टर आइविन्दपण तेवढाच! हा काय न्याय झाला? उठलो की हो मी सभेत, मूठ आपटली, म्हटलं, सरकार कर कसा घेतं? मोठ्या कमाईला मोठा टक्का! मग बर्फालाही तोच कायदा! ज्याची कमाई जास्त, त्याचं फावडं मोठं! टाळ्या हो, टाळ्या! ठराव एकमताने पास! डॉक्टरनं तेवढा सगळ्यात शेवटी हात वर केला. म्हटलं, घाव बसला बरोबर वर्मी!

मी? मी काय, समुद्रातल्या तेलविहिरीवर वेल्डिंग करणारा साधा कामगार!

आता कुणाची कमाई किती, कर किती, हे आमच्या देशात सरकारी यादीत कुणालाही बघता येतं. फक्त कोणी बघितलं ते, ज्याचं बघितलं त्याला कळतं. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे हे, मलाही होतं! पण हात शिवशिवले... आणि बघतो तर काय, डॉक्टर माझ्या निम्म्यावर! दवाखाना अर्धा दिवस, उरलेला वेळ आजारी आईपाशी! मग एकेक करत अख्खी इमारत बघितली. सगळ्यात वर कोण? ...मी!

बायकोनं, तुरीदनं, कपाळावर हात मारला. "अहो, घरोघर तुमचं नाव गेलं! आता तेही तुमचं बघणार!"

"अगं, पण वादळवाऱ्यात जादा पाळ्या करायच्या मी, मोठा टक्का भरायचा मी, आणि वर फावडंही..."

"भाषण कुणाचं होतं?"

ज्याची कमाई जास्त... अरे देवा! उघडलं तिनं दार! ऐका, डॉक्टरचा आवाज... दात उपटायच्या आधी असतो ना, तस्सा गोड! "योस्टाइनराव आहेत का? काही नाही, सगळ्यांनी वर्गणी काढून त्यांना भेट आणलीय. लाल फीत रॅग्नहिल्डबाईंनी स्वतः बांधलीय हं!"

...अहो, दारातून आत येईना ते! आडवं करावं लागलं!

काय म्हणता, अन्याय? छे हो! अन्याय असता तर भांडलो तरी असतो... तुरीद, माझे हातमोजे कुठेयत गं?