गटातली चौथी

बाई: बसा ना, उद्याच्या प्रयोगाची तयारी म्हणून स्पिरिटच्या दिव्यावर पाणी ठेवलंय. हिला विज्ञान विषय सोडायलाच लावायचं म्हणता? हिच्याएवढी आवड वर्गात कुणालाच नाही हो.

आई: आवडीचं काय घेऊन बसलात! प्रयोगाच्या दिवशी पोरीच्या घशाखाली घास उतरत नाही. हातातली शिलाई टाकून तिच्या पाठीवरून हात फिरवत बसते मी.

बाई: प्रयोगशाळेत काय वाघ बसलाय?

आई: गट बसलाय तुमचा.

बाई: अहो, भांडणं नकोत म्हणून कामं वाटून दिलीत. एकीनं पेटवायचं, एकीनं ओतायचं, एकीनं लिहायचं. चौथीनं निरीक्षण करायचं.

आई: आणि वर्षभर चौथी कोण?

बाई: मागायला नको का हिनं? बोलणाऱ्याची बोरं विकतात.

आई: ऐकलंस? मी घरी हेच सांगून दमले.

बाई: परवा परीक्षानळीतलं उकळतं पाणी उसळून मैत्रिणीच्या हातावर आलं. शेजारी तूच होतीस. नळीचं तोंड तिच्याकडे होतं, दिसलं नाही तुला?

लेक: दिसलं होतं.

बाई: मग?

लेक: मी "अगं" म्हटलं.

बाई: नुसतं अगं?

लेक: प्रत्येकीला वाटलं, दुसरीलाच म्हणतेय.

बाई: नावानं हाक मारायची, बाळा!

लेक: कधी मारली नाही, बाई. त्यांनीही मला नाही मारली.

बाई: आता कुठलाच गट हिला घेईना. एकटीला टेबल देईन मी, पण परीक्षेत गुण गटाला असतात. माझेही हात बांधलेले.

आई: म्हणून म्हणते, सुटू दे एकदाची. दुसरा विषय घेईल, कोपऱ्यात बसून पाठ करेल.

लेक: आई, मला ना...

आई: थांब गं, मोठी माणसं बोलतायत. बाई, मीही हिच्यासारखीच घुमी. शिलाई मशीन कुणाशी बोलायला लावत नाही, म्हणून तर तिच्यापुढे बसले. चाललंच ना माझं?

बाई: चाललं खरं. बरं, ऑफिसात सांगते मी. जीव तुटतो हो असं करताना.

आई: चल गं, दप्तर घे.

(लेक दप्तर उचलते, दारापर्यंत जाते, मागे दिव्याकडे बघून थांबते.)

लेक: अगं...

आई: बाई, तुम्ही काही म्हणालात?

बाई: मी नाही. तू म्हणालीस का गं काही?

लेक: काही नाही, बाई. तुमचं पाणी आटत आलंय.